तीन अंश आणि साठ अंश

आमच्या संगणक कक्षातले ग्राफिक्स कार्ड तापून बंद पडू लागले, तेव्हा आम्हीच ते उघडले. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली राखाडी पेस्ट वाळून भेगाळली होती. त्या दिवशी बाजारात पेस्ट मिळाली नाही, मऊ रबरासारखा १ मिलिमीटर जाडीचा पॅड मिळाला. पाकिटावर उष्णतावाहकता ५ छापलेली, म्हणजे बऱ्यापैकी पेस्टइतकीच. लावला. पाच मिनिटांत संगणक पुन्हा बंद!

मुळात मध्ये काही घालायचेच कशाला? हाताला गुळगुळीत लागणाऱ्या पृष्ठभागांवरही सूक्ष्म खाचखळगे असतात. दोन्ही फक्त उंचवट्यांवर टेकतात, बाकी जागेत हवा. तांब्याची वाहकता सुमारे ४०० (वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन), हवेची ०.०२६. ही हवा हुसकून लावणे एवढेच पेस्टचे काम.

आता फळ्यावर मांडू. तापमानातला फरक = शक्ती × जाडी ÷ (वाहकता × क्षेत्रफळ). चिप ६० वॅटची, क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर धरू. पेस्ट दाबल्यावर थर ०.०५ मिलिमीटर उरला, तर फरक ३ अंश. पॅड १ मिलिमीटरचा, म्हणून फरक ६० अंश! हीटसिंक ५० अंशांवर असेल तर चिप ११० वर जाणार. (०.०५ मिलिमीटर हवेसाठी हेच गणित मुलांना करू द्यावे, ५७७ येते. अर्थात चिप त्याआधीच काम थांबवते.)

पण शेजारच्या मेमरी चिप बुटक्या असतात. त्यांच्यावरची फट पेस्टने भरत नाही, तिथे पॅडच हवा. २ वॅट आणि दीड चौरस सेंटिमीटर घेतले तर फरक तीन अंशांहूनही कमी.

गॅलियमच्या द्रव मिश्रधातूची वाहकता पेस्टच्या कितीतरी पट असते. पण आपल्या उदाहरणात वाचून वाचणार किती? फार तर तीन अंश. शिवाय त्यातून वीज वाहते, ओघळल्यास शॉर्टसर्किट होते, आणि ॲल्युमिनियमला तो पोखरून ठिसूळ करतो. शाळेत तो नकोच.

पेस्ट टिकत नाही हे मात्र खरे. तापण्या-निवण्यात चिप आणि हीटसिंक कमीजास्त प्रसरण पावतात आणि पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन पातळ पसरणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या याबाबतीत सरस ठरतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेस्ट आणली. मेमरी चिपवरचे जुने पॅड फाटले होते, त्यांची जाडीही १ मिलिमीटरच होती. तिथे आमचाच पॅड कापून बसवला.