स्टालिनचा ‘अंकल जो’ कसा झाला

२३ ऑगस्ट १९३९ रोजी सोव्हिएत रशियाने हिटलरशी अनाक्रमणाचा करार केला आणि नोव्हेंबरअखेर फिनलंडवर फौजा घातल्या. अमेरिकी वृत्तपत्रांच्या लेखी स्टालिन तेव्हा हिटलरचा जोडीदार होता. ‘टाइम’ने त्याला १९३९चा ‘मॅन ऑफ द इयर’ ठरवलं, पण त्यात कौतुक नव्हतं. या हातमिळवणीने युरोपची सारी गणितं उलटली, एवढाच अर्थ होता. १९४२चा मानकरीही तोच. या वेळी मात्र हिटलरला थोपवणारा म्हणून.

अमेरिकेत ज्याला आता ‘अंकल जो’ म्हणू लागले, तो स्टालिन मधल्या काळात बदलला नव्हता. २२ जून १९४१ला हिटलरने रशियावर हल्ला केला आणि डिसेंबरात अमेरिकाही युद्धात ओढली गेली, एवढंच घडलं होतं.

२९ मार्च १९४३चा ‘लाइफ’चा अंक उघडून पाहावा. पूर्ण अंक रशियावर, मुखपृष्ठावर मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी काढलेलं स्टालिनचं छायाचित्र. १९४१च्या जुलैत क्रेमलिनमध्ये त्या त्याचे फोटो घेत होत्या, तेव्हा त्याचा चेहरा दगडासारखा होता. त्या खाली वाकल्या, खिशातले फ्लॅशबल्ब जमिनीवर घरंगळले आणि तो हसला, असं त्यांनीच सांगितलंय. पण अंकातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मजकुरात आहे. लाखोंना गोळ्या घालणाऱ्या, छळछावण्या चालवणाऱ्या एनकेव्हीडी या सोव्हिएत गुप्त पोलीस यंत्रणेची ओळख तिथे एफबीआयसारखं राष्ट्रीय पोलीस दल अशी करून दिली होती!

दोनच आठवड्यांनी जर्मनांनी कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडल्याचं जाहीर केलं. सांगणारे नाझी, त्यामुळे संशय रास्तच होता. पण अमेरिकेच्या युद्धमाहिती कार्यालयाचे प्रमुख एल्मर डेव्हिस यांनी रेडिओवरून त्याला जर्मन प्रचार ठरवलं. कातिन आणि इतरत्र मिळून सुमारे २२ हजार पोलिश कैदी मारले गेले होते. हे काम एनकेव्हीडीचंच, अशी कबुली मॉस्कोने दिली ती १९९०मध्ये.

त्याच वर्षी माध्यमांचे अभ्यासक लान्स बेनेट यांनी अशा वार्तांकनामागचं गणित मांडलं: सरकारी वर्तुळात मतभेद असतील तेवढीच टीका बातम्यांत उमटते. युद्धात ते वर्तुळ एकमुखी होतं आणि बातमीदाराचा प्रश्न विचारायचा आधारच जातो. म्हणूनच स्टालिनच्या प्रतिमेतल्या बदलाचा दोष एकट्या संपादकांवर टाकून भागत नाही.

इराकच्या सद्दाम हुसेनच्या बाबतीत काटा उलटा फिरला: मित्राचा शत्रू झाला. मार्च १९८८मध्ये इराकमधल्या हलब्जात सद्दामच्या फौजांनी सोडलेल्या विषारी वायूने हजारो कुर्द मेले, तेव्हा अमेरिकी परराष्ट्र खात्याने इराणकडेही बोट दाखवलं होतं. ऑगस्ट १९९०मध्ये सद्दामने कुवेत गिळला आणि ऑक्टोबरात अध्यक्ष बुश त्याची तुलना हिटलरशी करत होते.