खर्जाचा अंमल

गिटार वाजविणारी चार-पाच तरुण मंडळी एकत्र येऊन वाद्यवृंद काढावयाचे ठरवितात, तेव्हा त्यांच्यापैकी कोणा एकाला आपली सहा तारांची गिटार खाली ठेवून चार तारांची बेस गिटार हाती घ्यावी लागते; आणि ही बदली ज्याच्या वाट्याला येते त्याच्याकडे इतर जण काहीशा अनुकंपेने पाहतात, जणू सदर कचेरीतल्या कारकुनाची रवानगी दूरच्या तालुक्याला झाली आहे. बेस हे दुय्यम वाद्य, गिटार ज्याला नीट साधत नाही त्याने ते घ्यावे, ही समजूत फार रुजलेली आहे. या वाद्याचा इतिहास आणि त्याचे शास्त्र पाहिले म्हणजे ती किती निराधार आहे, हे सहज ध्यानात येते.

पहिला दाखला लिव्हरपूलच्या पॉल मॅकार्टनीचा. बीटल्स मंडळी 1961 साली हॅम्बुर्गच्या क्लबांतून रात्र रात्र वाजवीत असताना, मूळचा चित्रकार असलेला त्यांचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ चित्रकलेच्या अभ्यासासाठी वाद्यवृंदातून बाहेर पडला. जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांपैकी कोणीही आपली गिटार सोडावयास राजी नव्हते. तेव्हा तोवर गिटार आणि प्रसंगी पियानो वाजविणाऱ्या मॅकार्टनीवर ही जबाबदारी आली. त्याने हॅम्बुर्गमध्येच सुमारे 30 पौंडांना होफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस गिटार विकत घेतली. तो डावखुरा होता, आणि या वाद्याच्या दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे ते उलटे धरले तरी बेढब दिसत नसे, हेही त्या निवडीचे एक कारण होते.

गिटारवादकाला असे सहजासहजी बेसकडे वळता आले, त्याचे श्रेय कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याच्या कल्पकतेला आहे. तोपर्यंत खर्जाचे काम माणसाएवढ्या उंचीचा डबल बेस करीत असे. तो वाहून नेणे कष्टाचे, त्यावर पडदे नसल्यामुळे स्वर नेमका लावणे अवघड, आणि ड्रम व विजेच्या गिटारी यांच्या गदारोळात तो ऐकू येणे त्याहून दुष्कर. फेंडरने 1951 साली गिटारीसारखे आडवे धरावयाचे, पडद्यांचे आणि विजेवर चालणारे वाद्य बाजारात आणले. त्याच्या चार तारा गिटारीच्या खालच्या चार तारांच्याच स्वरांत, परंतु एक सप्तक खाली लावतात. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावते, बेसची 41 वेळा. तारेचे कंपन निम्म्यावर आणावयाचे, तर ताण तोच ठेवून तिची लांबी दुप्पट तरी करावी लागते किंवा तिचे दर इंचाचे वजन चौपट. फेंडरने मधला मार्ग काढला: साडेपंचवीस इंचांच्या ऐवजी चौतीस इंच लांबी ठेवली, आणि उरलेले काम तारेच्या जाडीवर सोपविले.

या चौतीस इंचांचा हिशेब गिटारवादकाच्या डाव्या हाताला पहिल्याच दिवशी चुकता करावा लागतो. गिटारीवर पहिल्या पडद्यापर्यंतचे अंतर सुमारे 36 मिलिमीटर असते, बेसवर ते 48 मिलिमीटरच्या पुढे जाते. म्हणून चार बोटांनी चार पडदे सांभाळण्याची जुनी सवय दांडीच्या खालच्या टोकाशी निरुपयोगी ठरते, आणि अनेक शिक्षक तेथे डबल बेसच्या परंपरेतील तजवीज सुचवितात, ती अशी की अनामिका आणि करंगळी यांनी मिळून एकाच बोटाचे काम करावे. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने तार छेडतात. परंतु खरे कसब छेडण्यात नसून थांबविण्यात आहे. जाड तार एकदा छेडली की दीर्घकाळ घुमत राहते, शेजारच्या तारांनाही जागी करते. त्या सर्वांना रिकाम्या बोटांनी आवरून धरणे, आणि स्वर केव्हा सुरू व्हावा याइतकेच तो केव्हा संपावा याचे भान राखणे, ही शिस्त गिटारवादकाला नव्याने अंगी बाणवावी लागते. ड्रमवादकाच्या पायाखालच्या मोठ्या ढोलाचा ठोका आणि बेसचा स्वर एकाच क्षणी पडले, म्हणजे ऐकणाऱ्याला ते दोन आवाज वाटत नाहीत.

दुसरी सवय मोडावी लागते ती भरगच्च वाजविण्याची. मंद्र सप्तकात दोन जवळचे स्वर एकदम वाजविले, तर कानाला ते वेगळे करता येत नाहीत व नुसती घरघर ऐकू येते. म्हणून बेसवादक बहुधा एका वेळी एकच स्वर लावतो. परंतु त्या एका स्वराचा अंमल केवढा! गिटारवादक षड्ज, गांधार आणि पंचम असे तीन स्वर एकत्र वाजवीत आहे असे समजा. बेसवादकाने खाली षड्ज धरला, तर ती संगती प्रसन्न आणि स्थिर भासते. त्याने तोच षड्ज सोडून मंद्र धैवत धरला, तर गिटारवादकाने एक बोटही हलविले नसताना त्याच तीन स्वरांवर विषादाची छाया पडते. आपल्या मैफलीत तंबोऱ्याची खर्जाची तार प्रत्येक स्वराला त्याचे स्थान देते, पण ती स्वतः अचल असते. बेसचा खर्ज मात्र गाण्याबरोबर जागा बदलीत जातो, आणि वरच्या स्वरांनी कोणता अर्थ धारण करावा याचा निर्णय देतो.

हे मर्म ओळखणाऱ्यांत लॉस एंजेलिसच्या कॅरोल के यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्या मूळच्या जॅझ गिटारवादक. 1963 साली एका ध्वनिमुद्रणाला नेमलेला बेसवादक आला नाही, म्हणून त्यांच्या हाती बेस देण्यात आली, आणि पुढे अमेरिकेतील सर्वाधिक ध्वनिमुद्रित बेसवादकांत त्यांची गणना झाली. गिटारीचे प्लेक्ट्रम त्यांनी सोडले नाही. मात्र घोडीजवळ तारांवर नमद्याची पट्टी लावून त्यांनी स्वराची घुमारी आटोक्यात ठेवली, त्यामुळे त्यांचा प्रत्येक स्वर रेखीव उमटे. बीच बॉइज यांच्या 1966 सालच्या ‘पेट साउंड्स’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांचे वादन आहे. तीत ब्रायन विल्सनने बेसला अनेक ठिकाणी संगतीचा मूळ स्वर न देता दुसराच स्वर दिला, आणि त्यामुळे ती गाणी अधांतरी तरंगल्यासारखी वाटतात.

समुद्रापलीकडे ही ध्वनिमुद्रिका ऐकून प्रभावित झालेल्यांत मॅकार्टनी होता. निरुपायाने बेस स्वीकारलेल्या दोन गिटारवादकांची ही गाठ केवळ कानांवाटे पडली. पुढल्याच वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’मध्ये मॅकार्टनीने अनेक गाण्यांचा बेस बाकीचे वादन पुरे झाल्यावर, सर्वांत शेवटी, स्वतंत्रपणे मुद्रित केला, म्हणजे गाणे पूर्ण ऐकून घेऊन मग त्याच्या खालचा स्वर निवडावा, अशी मोकळीक त्याने मिळविली. त्या काळच्या इंग्लंडात बेसचा आवाज वाढविला तर तबकडीवरून सुई उडेल, या धास्तीने ध्वनिमुद्रक तो दाबून ठेवीत. हे बंधनही बीटल्सच्या तंत्रज्ञांनी याच सुमारास सैल केले.

आज कोणी गिटारवादक बेसकडे वळत असेल, तर त्याने प्रारंभी तीस इंची लहान वाद्य घेण्यास हरकत नाही. मात्र ते गिटारीच्या लहान ध्वनिवर्धकाला जोडून मोठ्याने वाजवू नये, कारण त्या स्पीकरला खर्जाचे धक्के सोसत नाहीत. पहिले काही आठवडे त्याने ड्रमवादकाशेजारी बसून केवळ मूळ स्वर वाजवावेत, आणि प्रत्येक स्वर कोठे तोडावयाचा हे ठरवूनच तो छेडावा. यात त्याची पूर्वीची विद्या वाया जात नाही. पडद्यांचे ज्ञान, संगतींची ओळख, बोटांची तयारी हे सारे त्याच्या कामी येते, फक्त त्याचा उपयोग आता इतरांचे वादन उजळावे यासाठी होतो. आणि गिटार कायमची सोडावी लागते असेही नाही. 1966 सालच्या ‘टॅक्समन’ या हॅरिसनच्या गाण्यात बेस मॅकार्टनीचा आहे, आणि मधली झळझळीत एकल गिटारही त्याचीच आहे.