एक-इंजिनी टर्बोप्रॉप विमानाच्या यांत्रिक प्रणालींचे अध्ययन : सुट्या भागांकडून परस्परावलंबनाकडे

सारांश :

एकाच टर्बोप्रॉप इंजिनावर चालणाऱ्या विमानात इंधन, तेल, वीज, संपीडित हवा व प्रोपेलर या सर्व प्रणाली अखेरीस त्या एका इंजिनाशी बांधलेल्या असतात. त्यामुळे या प्रणालींचे अध्ययन भागांची यादी पाठ करून पूर्ण होत नाही. एका प्रणालीतील बिघाड दुसरीपर्यंत कसा पोहोचतो, हे समजणे हाच त्या अध्ययनाचा गाभा होय. प्रस्तुत लेखात पीटी-६ व टीपीई-३३१ या दोन प्रसिद्ध इंजिनांच्या आधारे हे परस्परावलंबन स्पष्ट केले असून, २००९ सालच्या एका अपघाताच्या विश्लेषणातून त्याचे महत्त्व दाखविले आहे.

बीजशब्द : टर्बोप्रॉप, प्रोपेलर, इंधन-नियंत्रण, एचटीटी-४०, तंत्रशिक्षण.

१. प्रस्तावना

विमानांची देखभाल ही नागपूर शहराला अपरिचित गोष्ट नाही. भारतीय वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय या शहरात आहे. मिहान प्रकल्पात एअर इंडियासाठी उभारलेले विमान-देखभाल केंद्र २०१५ साली सुरू झाले. नागपूर फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण सेसना १५२ सारख्या लहान, पिस्टन-इंजिनाच्या विमानांशी निगडित राहिले आहे. अशा शहरात गांधीबाग, इतवारी, महाल या जुन्या वस्त्यांतून विज्ञान शाखेकडे येणाऱ्या विद्यार्थ्याने वैमानिक किंवा विमान-देखभाल अभियंता होण्याची आकांक्षा बाळगणे स्वाभाविक आहे. पिस्टन-इंजिनाकडून टर्बोप्रॉपकडे जाणे हा त्याच्या वाटचालीतील एक महत्त्वाचा टप्पा असू शकतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक संदर्भ आहे. भारतीय वायुदलातील नवशिक्या वैमानिकांना प्रारंभिक प्रशिक्षण देणारे एचपीटी-३२ दीपक हे पिस्टन-इंजिनाचे विमान, उड्डाणात इंजिन बंद पडण्याच्या वारंवार घडलेल्या घटनांमुळे चिंतेचा विषय झाले होते. जुलै २००९ मधील प्राणघातक अपघातानंतर त्याची उड्डाणे थांबविण्यात आली. त्याची जागा २०१३ पासून पिलाटस पीसी-७ मार्क-२ या स्विस बनावटीच्या एक-इंजिनी टर्बोप्रॉप विमानाने घेतली. त्यानंतर हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडने एचटीटी-४० हे स्वदेशी प्रशिक्षण-विमान विकसित केले. त्याचे पहिले उड्डाण ३१ मे २०१६ रोजी झाले, मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा करार झाला आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये त्याच्या दुसऱ्या उत्पादन-मालिकेचे उद्घाटन झाले. म्हणजेच ज्या यंत्रावर देशातील तरुण वैमानिक पहिले धडे घेणार, त्याची जुळणी आता महाराष्ट्रातही होत आहे.

तथापि इंजिन बदलल्याने प्रश्न संपत नाही. विमान एक-इंजिनी आहे तोवर इंजिनावर आलेले संकट हे संपूर्ण विमानावर आलेले संकट असते. हे वास्तव लक्षात घेऊन यांत्रिक प्रणाली कशा शिकाव्यात व शिकवाव्यात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. टर्बोप्रॉप इंजिनाची मूलभूत रचना

टर्बोप्रॉप इंजिनात बाहेरील हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबली जाते, ज्वलनकक्षात तिच्यात इंधन जळते आणि प्रसरण पावणारे तप्त वायू टर्बाइन फिरवितात. टर्बाइनने मिळविलेल्या शक्तीचा एक भाग कॉम्प्रेसर फिरविण्यात खर्च होतो व उरलेला भाग गिअरबॉक्समार्फत प्रोपेलरला मिळतो. जेट विमानाप्रमाणे येथे वायूंच्या झोतावर भिस्त नसते. बहुतांश ओढ प्रोपेलरच निर्माण करतो.

या तत्त्वाची दोन रूपे आढळतात. कॅनडात विकसित झालेल्या आणि १९६१ साली प्रथम हवेत चाचणी झालेल्या पीटी-६ इंजिनात कॉम्प्रेसर फिरविणारी टर्बाइन व प्रोपेलर फिरविणारी टर्बाइन यांच्यात कोणताही यांत्रिक जोड नसतो. पहिलीतून बाहेर पडलेला वायू दुसरीवर आदळतो, एवढाच त्यांचा संबंध. एका विजेच्या पंख्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला असता तो वाऱ्याने फिरू लागावा, तसाच हा प्रकार होय. सेसना कॅराव्हॅन, पिलाटस पीसी-१२ व पीसी-७ या विमानांत याच कुळातील इंजिने आहेत. याउलट एचटीटी-४० मधील टीपीई-३३१ इंजिनात कॉम्प्रेसर, टर्बाइन व गिअरबॉक्स एकाच दंडाने जोडलेले असतात. हा दंड मिनिटाला सुमारे ४१,७०० फेरे घेतो, तर प्रोपेलर गिअरबॉक्समुळे दोन हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमी फेरे घेतो.

रचनेतील हा फरक केवळ पुस्तकी नाही. पीटी-६ सुरू करताना स्टार्टरला फक्त कॉम्प्रेसरकडील भाग फिरवावा लागतो. प्रोपेलर मागाहून आपोआप फिरू लागतो. टीपीई-३३१ सुरू करताना मात्र प्रोपेलरसह सर्व भार एकदम उचलावा लागतो. म्हणून इंजिन बंद करताना पाती जवळजवळ सपाट कोनात खिळीने अडकवून ठेवण्याची सोय केलेली असते. त्यामुळे पुढील वेळी हवेचा विरोध कमी होतो. ज्याने रचना समजून घेतली, त्याला ही खीळ का आहे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

३. प्रणालींचे परस्परावलंबन

प्रत्येक प्रणालीबाबत तीन प्रश्न विचारले असता तिचे स्वरूप उलगडते : तिला शक्ती कोठून मिळते? तिचे नियंत्रण कशाने होते? आणि तो आधार तुटल्यास काय उरते? पुढील चार उदाहरणांत हे प्रश्न लावून पाहता येतील.

३.१ वीज, हवा आणि तापमान : कॅराव्हॅनसारख्या विमानात स्टार्टर व जनित्र हे एकच यंत्र असते. सुरुवातीला ते बॅटरीवर चालून इंजिन फिरविते. इंजिन चालू झाल्यावर तेच वीज निर्माण करते. बॅटरी अशक्त असेल तर कॉम्प्रेसर पुरेसा वेग घेत नाही. वेग कमी म्हणजे ज्वलनकक्षात हवा कमी. हवेचे काम केवळ ज्वलनाला मदत करणे नसून तप्त वायूंना थंडावा देणे हेही असते. अशा वेळी इंधन सोडल्यास तापमान झपाट्याने वाढते आणि टर्बाइनची पाती काही सेकंदांत निकामी होऊ शकतात. कॅराव्हॅनच्या एका प्रचलित इंजिनास सुरू होताना १,०९० अंश सेल्सिअस तापमानाची मुभा आहे, तीही केवळ २ सेकंद. त्यामुळे कॉम्प्रेसरने कमाल वेगाच्या किमान १२ टक्के वेग गाठल्याशिवाय इंधन सोडू नये, असा नियम आहे. हा आकडा पाठ असणे पुरेसे नाही. बॅटरीचा व्होल्टमीटर हा प्रत्यक्षात टर्बाइनच्या आरोग्याचा पहिला निदर्शक आहे, हे ध्यानात येणे महत्त्वाचे.

३.२ तेल आणि प्रोपेलर : इंजिनातील तेल वंगण पुरविते, एवढेच सामान्यतः ठाऊक असते. टर्बोप्रॉपमध्ये तेच तेल प्रोपेलरच्या पात्यांचा कोनही बदलते. गव्हर्नरने सोडलेल्या तेलाच्या दाबाने पाती सपाट कोनाकडे वळतात. स्प्रिंग व प्रतिभार त्यांना उलट दिशेला, म्हणजे वाऱ्याला कड दाखविणाऱ्या ‘फेदर’ स्थितीकडे ओढत असतात. या दोन बलांच्या समतोलातून प्रोपेलरचा वेग स्थिर राहतो. तेलाचा दाब नाहीसा झाला तर स्प्रिंगचा जय होतो व पाती फेदर स्थितीत जातात. विमानाला त्यामुळे ओढ मिळत नाही, परंतु सपाट पात्यांचा प्रचंड अवरोधही होत नाही आणि विमान दूरवर तरंगत जाऊ शकते. बिघाड झालाच तर यंत्राने कमी घातक बाजूला कलावे, हा विचार येथे रचनेतच गुंफलेला आहे.

३.३ हवा आणि इंधन : पीटी-६ च्या अनेक प्रकारांत किती इंधन द्यावे हे ठरविणारा नियंत्रक कॉम्प्रेसरमधून घेतलेल्या हवेच्या दाबावर काम करतो. ही हवा वाहून नेणारी बारीक नळी फुटली, तर नियंत्रकाला दाब कमी झाल्याचा भास होतो व तो इंधन किमान पातळीवर आणतो. टाकीत इंधन आहे, ज्वलन चालू आहे, इंजिन सुस्थितीत आहे. तरीही वैमानिकाच्या हाती शक्ती उरत नाही. याच प्रसंगासाठी कॅराव्हॅनमध्ये नियंत्रकाला वळसा घालून इंधन वाढविणारा आपत्कालीन दांडा दिलेला आहे. मात्र त्याचा वापर करताना नियंत्रकाचे संरक्षण नसते. दांडा घाईने पुढे सारल्यास तापमान मर्यादेबाहेर जाते. इंजिन बंद पडणे व इंजिनाची आज्ञा तुटणे यांतील भेद ज्याला कळला आहे, त्यालाच या दांड्याचे प्रयोजन कळते.

३.४ संपीडित हवेचे अन्य उपयोग : केबिन उबदार ठेवणे, उंचीवर उडणाऱ्या विमानात केबिनचा दाब राखणे, पंखांवरील बर्फ फोडणाऱ्या रबरी पट्ट्या फुगविणे, ही कामेही अनेक विमानांत कॉम्प्रेसरमधूनच घेतलेल्या हवेवर चालतात. ही हवा फुकट मिळत नाही. ती काढून घेतल्यावर तेवढीच शक्ती मिळविण्यासाठी इंजिन अधिक तापते. उष्ण दिवशी, उंच धावपट्टीवरून, पूर्ण भारासह उड्डाण करताना केबिनच्या सुखसोयीसाठी घेतलेली हवा सुरक्षिततेच्या हिशेबातून वजा होत असते.

४. एका अपघाताचा बोध

परस्परावलंबनाचे अज्ञान वा त्याकडे झालेले दुर्लक्ष किती महाग पडते, हे २२ मार्च २००९ रोजी अमेरिकेतील मोंटाना राज्यात ब्यूट येथे घडलेल्या अपघातातून दिसते. पिलाटस पीसी-१२ या एक-इंजिनी टर्बोप्रॉप विमानातील १४ जण त्यात मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ७ मुले होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या चौकशीतून पुढील साखळी समोर आली. इंधनात अल्प प्रमाणात पाणी नेहमीच असते. ते गोठू नये म्हणून इंधनात विशिष्ट रसायन मिसळणे आवश्यक होते. ते मिसळल्याची खात्री केली गेली नाही. उंचीवरील थंडीत पाण्याचा बर्फ होऊन इंधनाचा दाब घटला. डाव्या टाकीचा पुरवठा खुंटला आणि इंजिन मुख्यतः उजव्या टाकीतील इंधन ओढू लागले. उजवा पंख हलका होत गेला, डावा जड राहिला. हा असमतोल टोकाला जाण्यापूर्वी वाटेतील योग्य विमानतळावर उतरणे शक्य होते. तसे वेळेवर झाले नाही. अखेर धावपट्टीजवळ वळताना विमानावरील नियंत्रण सुटले.

येथे अपघाताचे कारण इंजिन बंद पडणे हे नव्हते. रसायनाचा अभाव ही इंधनाची बाब, बर्फ ही तापमानाची बाब, दाब ही पंपाची बाब आणि पंखाचा जडपणा ही विमानाच्या समतोलाची बाब. पाठ्यपुस्तकात या चार बाबी चार वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. आकाशात त्या एकाच घटनेची चार रूपे होत्या. इंधनदाबाची सूचना आणि दोन टाक्यांतील वाढता फरक या दोन खुणांमधील नाते ओळखणे, हेच यंत्रज्ञान त्या प्रसंगी निर्णायक ठरले असते.

५. अध्यापनाच्या दृष्टीने विचार

भारतात वैमानिक परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय तांत्रिक विषयांच्या परीक्षा घेते. बहुपर्यायी प्रश्नांच्या तयारीत मर्यादांचे आकडे व भागांची नावे यांवर विद्यार्थ्यांचा भर राहणे साहजिक आहे. ही माहिती आवश्यकच आहे. तथापि ती अध्ययनाचा प्रारंभ आहे, शेवट नव्हे. या दृष्टीने पुढील बाबी विचारार्ह ठरतात.

पहिली बाब आकृत्यांची. विद्यार्थ्याने तयार आकृती पाहण्याऐवजी कोऱ्या कागदावर टाकीपासून ज्वलनकक्षापर्यंतचा इंधनाचा मार्ग स्वतः काढावा आणि त्यावरील एकेक घटक खोडून परिणाम सांगावा. जेथे उत्तर अडते, तेथे आकलनातील उणीव उघड होते.

दुसरी बाब भाषेची. विमानांच्या पुस्तिका इंग्रजीत असतात आणि कॉकपिटमधील संज्ञाही तशाच राहणार. परंतु ‘हवा कमी म्हणून थंडावा कमी, म्हणून तापमान जास्त’ हा कार्यकारणभाव विद्यार्थ्याने प्रथम मातृभाषेत उच्चारला, तर आकलन पक्के होते. संज्ञा इंग्रजी व विवेचन मराठी, ही रीत मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला उपकारक ठरू शकते.

तिसरी बाब आंतरविद्याशाखीय आहे. एका इंजिनावर अवलंबून असलेल्या प्रणालींचा अभ्यास हा भौतिकशास्त्रातील ऊर्जा-रूपांतर, रसायनशास्त्रातील इंधनाचे गुणधर्म आणि मानसशास्त्रातील निर्णयप्रक्रिया यांना एकत्र आणतो. विविध विभागांच्या प्राध्यापकांना संयुक्तपणे हाताळता येईल असा हा विषय आहे.

६. निष्कर्ष

एक-इंजिनी टर्बोप्रॉप विमानात पर्यायी इंजिन नसते. म्हणून वैमानिकाचे व देखभाल करणाऱ्याचे आकलन हाच पर्यायी आधार ठरतो. बॅटरी टर्बाइनशी, तेल प्रोपेलरशी, हवेची नळी इंधनाशी आणि इंधनातील पाणी पंखाच्या समतोलाशी जोडलेले आहे. ही नाती शिकविली गेली तर आकडे आपोआप अर्थपूर्ण होतात. ती वगळली तर पाठ केलेले आकडे आणीबाणीच्या क्षणी उपयोगी पडतीलच असे नाही. नाशिकमध्ये जुळणी होणाऱ्या प्रशिक्षण-विमानात उद्या बसणारा विद्यार्थी आज एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गात असू शकतो. त्याला यंत्राचे भाग शिकविण्यासोबतच यंत्राचा विचार करावयास शिकविणे, ही त्या वर्गातील अध्यापकाची जबाबदारी होय.