विश्लेषण : पैसे कापले गेले, तिकीट मात्र आलेच नाही! अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यात नेमके काय घडते?

उत्तनहून निघून घाटकोपर गाठायचे असेल तर भाईंदर स्थानकापर्यंत मिरा-भाईंदर परिवहन सेवेची बस, तिथून अंधेरीपर्यंत लोकल आणि पुढे मेट्रो १ असा तीन टप्प्यांचा प्रवास करावा लागतो. तिन्ही टप्प्यांची तिकिटे तीन वेगवेगळ्या यंत्रणांची. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुरू झालेल्या ‘मुंबई वन’ या अ‍ॅपने अशा ११ सेवा एकत्र आणल्या. मेट्रो, मोनोरेल, उपनगरी रेल्वे आणि बेस्टसोबत ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली व मिरा-भाईंदर या शहरांच्या बससेवाही त्या यादीत आहेत.

प्रवाशाला दिसते ते एक बटण आणि नंतर येणारा क्यूआर कोड. या दोन्हींच्या मधल्या दोन-तीन सेकंदांत पडद्यावर एक चक्र फिरत असते. कोणत्याही तिकीट किंवा पेमेंट अ‍ॅपमध्ये कधी तरी ते चक्र फिरतच राहते आणि फलाटावर लोकल येऊन उभी राहते. पैसे गेले की नाही? बटण पुन्हा दाबावे का? प्रवाशाला पडलेला हाच प्रश्न त्या क्षणी अ‍ॅपलाही पडलेला असतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘क्लायंट लायब्ररी’ नावाच्या कोडमध्ये आधीच लिहून ठेवलेले असते.

एपीआय म्हणजे काय?

स्थानकातल्या तिकीट खिडकीपलीकडे कोणती यंत्रे आहेत, हे प्रवाशाला ठाऊक नसते आणि त्याची गरजही नसते. कुठून कुठे जायचे, एकेरी की परतीचे, किती माणसे एवढे सांगितले आणि पैसे दिले की तिकीट मिळते. एपीआय, म्हणजे ‘अ‍ॅप्लिकेशन प्रोग्रामिंग इंटरफेस’, ही संगणकांसाठी उघडलेली अशीच खिडकी. माणसाऐवजी तिथे दुसऱ्या संगणकावरचा प्रोग्रॅम येऊन उभा राहतो.

या खिडकीवर बोलण्याची भाषा ठरलेली असते. विनंती कोणत्या पत्त्यावर पाठवायची, माहिती हवी आहे की काही काम करून घ्यायचे आहे, विनंती करणारा कोण आहे हे कोणत्या गुप्त किल्लीने सिद्ध करायचे, सगळे लिहून दिलेले असते. उत्तरासोबत एक आकडाही येतो. २०० म्हणजे काम झाले, ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०४ म्हणजे मागितलेली गोष्ट इथे नाही, ५०३ म्हणजे सर्व्हर सध्या सेवा देऊ शकत नाही. यातला ४२९ हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. त्याचा अर्थ, ‘फार वेळा विचारलेत, जरा थांबा.’

मग क्लायंट लायब्ररी कशासाठी?

लायब्ररी म्हणजे इथे ग्रंथालय नव्हे. प्रोग्रॅमर मंडळी तयार कोडच्या संचाला लायब्ररी म्हणतात. एखाद्या एपीआयशी बोलण्यासाठी लागणारा कोड आयता करून दिला की ती त्या एपीआयची क्लायंट लायब्ररी. विनंती करणारी बाजू म्हणजे क्लायंट, म्हणून हे नाव. अनेकदा एपीआय चालवणारी कंपनीच ती तयार करून फुकट देते.

तिचा उपयोग भाईंदरच्या एखाद्या छोट्या उद्योजकाच्या जागी उभे राहून पाहिला तर चटकन कळतो. स्टीलच्या भांड्यांच्या उद्योगासाठी भाईंदर ओळखले जाते. समजा, तिथल्या एका कारखानदाराने डब्यांचे सेट थेट ग्राहकांना विकण्यासाठी वेबसाइट काढली आणि पैसे घेण्यासाठी ‘रेझरपे’ हे पेमेंट गेटवे निवडले. गेटवेच्या एपीआयला हाताने विनंती लिहायची तर पहिलीच ठेच रकमेत लागते. तिथे रक्कम रुपयांत नाही, पैशांत सांगायची असते. ४९९ रुपयांचा डबा विकायचा तर ४९९०० असे लिहावे लागते. नुसते ४९९ लिहिले तर ग्राहकाकडून ४ रुपये ९९ पैसेच घेतले जातील. ही चूक लायब्ररीही पकडत नाही. त्यासाठी सोबतची माहितीपुस्तिका वाचावीच लागते.

बाकीचा बराच भार मात्र लायब्ररी उचलते. किल्ली योग्य जागी जोडणे, तपशील ठरलेल्या रचनेत बसवणे, आलेल्या उत्तराचा अर्थ लावणे ही कामे दोन-चार ओळींत होतात. त्याहून मोलाचे काम म्हणजे पडताळणी. ‘पैसे भरले’ हा निरोप खरोखर गेटवेकडूनच आला आहे की मध्येच कुणी बनवून धाडला आहे, हे निरोपासोबतच्या डिजिटल स्वाक्षरीवरून ओळखता येते. हे गणित लायब्ररीत तयार असते. ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबून माल पाठवणाऱ्या अनेक दुकानदारांनी फटका खाल्ला आहे. ही स्वाक्षरी तपासली असती तर तो टळला असता.

उत्तर आलेच नाही तर?

‘नाही’ असे उत्तर आले तर प्रश्न सोपा असतो. खरी पंचाईत होते ती काहीच उत्तर न आल्यावर.

अशा वेळी तीन शक्यता असतात. विनंती वाटेतच हरवली, सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही. किंवा पोहोचली, पण काम फसले. किंवा काम पूर्ण झाले, पैसे कापले गेले, तिकीटही निघाले. फक्त ‘झाले’ हा निरोप परत येताना नेटवर्क तुटले. फोनच्या बाजूने पाहिले तर तिन्ही प्रसंग हुबेहूब सारखे दिसतात. पहिल्या दोन प्रसंगांत पुन्हा विनंती करणे योग्य ठरते. तिसऱ्यात पुन्हा विनंती केली तर पैसे दोनदा जातात.

म्हणून चांगल्या लायब्ऱ्या विचारणे आणि करवून घेणे यांत फरक करतात. ‘पुढची बस कधी आहे’ हे दहादा विचारले तरी काही बिघडत नाही. ‘तिकीट काढ’ हे दहादा सांगणे मात्र महागात पडते. त्यावरचा उपाय चेकबुक वापरणाऱ्यांना लगेच कळेल. प्रत्येक चेकवर क्रमांक छापलेला असतो. एकदा वटलेला चेक त्याच क्रमांकाने पुन्हा वटत नाही. तसाच एक क्रमांक लायब्ररी प्रत्येक विनंतीवर घालते. उत्तर आले नाही तर तीच विनंती त्याच क्रमांकाने पुन्हा धाडते. सर्व्हरने ते काम आधीच केले असेल तर तो ते दुसऱ्यांदा करत नाही, पहिल्या वेळचेच उत्तर परत देतो. ‘स्ट्राइप’ या आंतरराष्ट्रीय पेमेंट कंपनीच्या अधिकृत लायब्ऱ्या पुनर्प्रयत्न करताना असा क्रमांक स्वतःहून जोडतात. अर्थात पलीकडच्या सर्व्हरला तो क्रमांक समजला तरच या युक्तीचा उपयोग. विनंती करणाऱ्याने एकट्याने ठरवून भागत नाही.

दुसरा प्रश्न, वाट किती पाहायची? पायथन भाषेत वेबवर विनंत्या पाठवण्यासाठी ‘रिक्वेस्ट्स’ ही लायब्ररी अतिशय लोकप्रिय आहे. ती कोणा एका एपीआयसाठी नाही, सर्वसाधारण कामाची आहे. पण किती सेकंद थांबायचे हे प्रोग्रॅमरने सांगितले नाही, तर ती आपणहून हार मानत नाही. सर्व्हर गप्प असेल तर ताटकळत बसते. नवख्यांनी लिहिलेले अनेक प्रोग्रॅम इथेच अडकतात, आणि दोष बिचाऱ्या इंटरनेटवर जातो.

१२ एप्रिल २०२५ रोजी काय झाले?

त्या दिवशी शनिवार होता, हनुमान जयंती होती आणि देशभर यूपीआय अडखळले. चहाच्या टपरीपासून मॉलपर्यंत काही तास व्यवहार फसत होते. त्याआधी २६ मार्चलाही असाच खोळंबा झाला होता. यूपीआय चालवणाऱ्या ‘नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ने, अर्थात एनपीसीआयने, १२ एप्रिलच्या प्रकाराचे कारण शोधले, तेव्हा ‘चेक ट्रान्झॅक्शन’ या एपीआयवर विनंत्यांचा पूर आल्याचे आढळले. ‘त्या व्यवहाराचे काय झाले’ हे विचारण्यासाठी बँका हा एपीआय वापरतात. काही बँकांच्या यंत्रणा जुन्या व्यवहारांबद्दलही पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या.

थोडक्यात, सर्व्हर मंदावला, उत्तरे येईनात, म्हणून विचारणाऱ्यांनी आणखी विचारले आणि मंदावलेला सर्व्हर त्या ओझ्याखाली आणखी दबला. या दुष्टचक्रात चोर कोणी नव्हता, हल्लाही नव्हता. विनंती पाठवणाऱ्या कोडने जिथे थांबायला हवे होते, तिथे तो थांबला नाही.

मिरा रोडच्या प्रवाशाला हे चित्र नवे नाही. सकाळची एक लोकल रद्द झाली की तिच्यासाठी आलेला सगळा जमाव पुढच्या गाडीच्या दारावर तुटून पडतो. ती गाडी विरारहून भरूनच आलेली असते. दारात लटकणाऱ्यांमुळे ती जास्त वेळ थांबते, मागच्या गाड्यांना उशीर होतो आणि गर्दी वाढतच जाते. त्याच जमावातले काही जण पुढची गाडी, काही त्यापुढची आणि काही दहा मिनिटांनंतरची धरतील, तर फलाट मोकळा होऊ लागेल.

माणसांना हे सांगून पटत नाही. लायब्ररीला ते शिकवता येते. पहिला प्रयत्न फसला तर एक सेकंद थांब, दुसरा फसला तर दोन, मग चार, मग आठ. आणि प्रत्येक वेळी त्या आकड्यात थोडी नशिबाची सरमिसळ कर, म्हणजे लाखो फोन एकाच क्षणी पुन्हा दार ठोठावणार नाहीत. शिवाय ठरावीक प्रयत्नांनंतर थांब आणि ‘जमले नाही’ असे स्वच्छ सांग. ४२९ हा आकडा आला आणि सर्व्हरने किती वेळाने यायचे तेही सांगितले असेल, तर तेवढा वेळ गप्प बस. अनेक मोठ्या कंपन्यांच्या लायब्ऱ्यांत ही शिस्त मुळातच घातलेली असते.

यूपीआयमध्ये ती सक्तीने आणावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये एनपीसीआयने बँकांना बजावले, की व्यवहाराची स्थिती ९० सेकंद उलटल्यावरच विचारावी आणि जास्तीत जास्त तीन वेळा विचारावी. १ ऑगस्ट २०२५ पासून सामान्य ग्राहकांनाही मर्यादा आली. एका अ‍ॅपमधून दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येते आणि मोबाइल क्रमांकाशी जोडलेल्या खात्यांची यादी २५ वेळाच मागवता येते. दिवसभरात ५० वेळा शिल्लक पाहणारा माणूस विरळाच. पण महिन्याला २,००० कोटींच्या घरात व्यवहार हाताळणाऱ्या यंत्रणेला अशा अनावश्यक विनंत्यांचाही भार सोसावा लागत होता.

लायब्ररी वापरली म्हणजे निश्चिंत?

तसे म्हणता येत नाही. लायब्ररी जुनी झाली आणि एपीआय बदलला, की कालपर्यंत चालणारे दुकान आज बंद पडते. सर्वात घातक चूक किल्लीच्या बाबतीत होते. गुप्त किल्ली आपल्या सर्व्हरवरच ठेवायची असते. घाईत ती मोबाइल अ‍ॅपच्या कोडमध्येच लिहिली किंवा इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या कोडमध्ये राहून गेली, तर ती कोणालाही उचलता येते. मग विनंत्या तिसऱ्याच माणसाच्या आणि ओळख दुकानदाराची. अशी किल्ली बाहेर गेल्याचे कळताच ती रद्द करून नवी घ्यावी लागते. कोडमधली ती ओळ नुसती पुसून उपयोग नसतो, कारण जुन्या नोंदींत ती तशीच राहते.

चक्र फिरतच राहिले तर ग्राहकाने काय करावे?

बटण लगेच पुन्हा दाबू नये. अ‍ॅपच्या आतला पुनर्प्रयत्न जुन्याच क्रमांकाने होतो, पण बाहेर येऊन नव्याने बटण दाबणे ही बहुतेक वेळा नवी विनंती, म्हणजे नवा चेक ठरतो. आधी अ‍ॅपमधील तिकिटांची यादी आणि बँकेचा संदेश पाहावा. पैसे गेलेले दिसले तर यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक टिपून ठेवावा. तक्रार करताना बँक तोच मागते, आणि स्क्रीनशॉटपेक्षा त्याचे वजन जास्त असते.

खात्यातून पैसे गेले, पण विक्रेत्याला पुष्टी मिळाली नाही, अशा यूपीआय व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदत ठरवून दिली आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. त्याहून उशीर झाला तर प्रत्येक दिवसामागे १०० रुपये भरपाई ग्राहकाच्या खात्यात जमा व्हायला हवी, आणि तीही त्याने तक्रार केली नसली तरी. मुदत उलटूनही पैसे आले नाहीत, तर बँकेकडे लेखी तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन जाता येते, आणि तिथे दाद मागण्यासाठी शुल्क लागत नाही.