जुन्या शिरस्त्राणाची निगा

पोस्टाचीं तिकिटें व नाणीं जमविण्याचा छंद सर्वांच्या परिचयाचा आहे. कांहीं जण जुनीं लष्करी शिरस्त्राणें मिळवून तीं नीट करितात. गंज खरवडावा, रंग द्यावा, कीं काम झालें, असें प्रथम वाटतें. परंतु तेणेंकरून वस्तु चकचकीत होते आणि तिचा इतिहास मात्र पुसला जातो.

ब्रिटिश सैन्याच्या पसरट शिरस्त्राणाचें उदाहरण घेऊं. जॉन ब्रॉडी यांनीं १९१५ सालीं त्याचें पेटंट घेतलें. खंदकांतील शिपायावर फुटत्या तोफगोळ्यांचे तुकडे वरून पडत. म्हणून त्याला थाळीसारखा रुंद कांठ ठेविला. आरंभीचीं शिरस्त्राणें साध्या पोलादाचीं होतीं. लवकरच हॅडफील्ड यांचें मँगनीज-पोलाद वापरण्यांत आलें. त्यांत सुमारें १२ टक्के मँगनीज असल्यामुळें त्यास लोहचुंबक चिकटत नाहीं. १९१६ मध्यें तीक्ष्ण कांठावर साध्या पोलादाची पट्टी बसविली. तीस मात्र चुंबक चिकटतो. अशा रीतीनें एका लहानशा चुंबकानेंहि वस्तूची ओळख पटूं लागते. पुढें १९४३ ते १९४५ या काळांत इटलींत लढलेल्या मराठा पलटणींच्या डोक्यांवरहि याच घाटाचें शिरस्त्राण होतें.

कांठाच्या आंतील बाजूस कारखान्याचीं अक्षरें व अंक ठोकलेले असतात. चकाकी शत्रूस दिसूं नये म्हणून रंगावर वाळू किंवा लाकडाचा भुसा चिकटविलेला असे. कोठें पलटणीची खूणहि रंगविलेली सांपडते. घासकागद व तेजाब हा सारा पुरावा क्षणांत नाहींसा करितात.

येथें पालकांनीं विशेष लक्ष द्यावें. ब्रॉडी शिरस्त्राणांपैकीं कांहींच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस आढळलें आहे. त्याची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत गेल्यास पुष्कळ वर्षांनीं प्राणघातक रोग उद्भवूं शकतो. जुन्या रंगांत शिसेंहि असूं शकतें. म्हणून अस्तर शिल्लक असेल तर तें मुलांच्या हातीं देऊं नये, झटकूं नये व डोक्यावर घालूं नये. वस्तु प्लॅस्टिकच्या पिशवींत बंद करून जाणकारास दाखवावी.

अस्तर नसलेल्या टोपाचें काम असें करावें. प्रथम सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावींत व मोजमापें वहींत लिहावींत. मऊ ब्रशानें माती हलकेच काढावी. सुती फडक्यावर शिवणयंत्राचें थोडें तेल घेऊन गंजावर लावावें, कांहीं वेळ थांबावें व पुसावें. हें अनेक दिवस करावें लागतें. जो गंज सुटत नाहीं तो राहूं द्यावा. तेल पूर्णपणें पुसून शेवटीं मेणाचा पातळ थर द्यावा आणि वस्तु कोरड्या जागीं ठेवावी. पावसाळ्यांत तर अधिक जपावी. नवा पट्टा लावल्यास तो नवा असल्याची नोंद करावी व जुना तुकडा टाकूं नये.

नवा रंग देणें कोणासहि साधेल. किती करावें यापेक्षां कोठें थांबावें हें ज्यास कळलें, त्याच्याच हातीं जुनी वस्तु सुरक्षित राहते.