ईद गावची की शहरातली? घराबाहेर राहणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी थोडं कामाचं

रमजानचा शेवटचा अशरा लागला की दुसरबीडच्या घराघरांतून एकच फोन जातो, "कधी निघतोस?" पलीकडून उत्तर येतं, "बघतो अम्मी, सुट्टीचं अजून नक्की नाही." पुढं दोन्हीकडं थोडी शांतता. या शांततेबद्दल आम्हाला लिहायचं आहे. पुष्कळ घरांत ईदच्या आधीचा आठवडा या एका प्रश्नावरून कडू होतो, आणि थोडी तयारी असेल तर तो कडू व्हायचं खरं तर काही कारण नसतं.

आपलं गाव सिंदखेडराजा तालुक्यात, जालना-मेहकर रस्त्यावर. शेती सोयाबीन-कपाशीची, पावसावर अवलंबून. इथला जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला, तेव्हापासून हाताला काम म्हटलं की मुलं बाहेरच बघतात. कोणी जालन्याच्या स्टील मिलमध्ये, कोणी वाळूजला, कोणी चाकणला, कोणी मुंबईत. आता मुलीही शिकायला आणि नोकरीला पुण्यात राहतात. पहिल्यांदाच खोली करून राहणाऱ्या या पोरांना घरून पैशांचे आणि जेवणाचे सल्ले भरपूर मिळतात. सणाचं काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही.

तारीखच ठरलेली नसते

दिवाळीची तारीख वर्षभर आधी कॅलेंडरवर छापलेली असते. ईदची तारीख चांदरातीच्या संध्याकाळी कळते. मॅनेजरला हे समजावून सांगणं हे आपल्या मुलांचं पहिलं काम. 2024 साली 9 एप्रिलला 29 वा रोजा होता. चांद दिसला नाही, तीस रोजे पूर्ण झाले आणि ईद गुरुवारी 11 एप्रिलला आली. ज्यांनी 10 तारखेची एकच सुट्टी टाकली होती, त्यांचा रोजाही घरी गेला आणि ईदच्या दिवशी कामावरही जावं लागलं. 2025 ला उलट झालं. 30 मार्चला, 29 व्या रोज्याच्या संध्याकाळी चांद दिसला आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ईद झाली.

म्हणून अर्ज करताना एका दिवसाचा करू नका. "अमुक किंवा तमुक तारीख, चांद दिसण्यावर" असं लिहून दोन्ही दिवस मागा आणि न लागलेला दिवस परत करू असं सांगा. बहुतेक साहेब लोकांना अडचण सुट्टीची नसते, आयत्या वेळच्या फोनची असते.

नोकरदारांपैकी फार कमी लोकांना माहीत असलेली एक गोष्ट इथं सांगायला हवी. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सणांच्या सुट्ट्या आहेत. त्यातल्या चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी आपसात ठरवायच्या, आणि त्याही वर्ष सुरू व्हायच्या आधी. शिवाय आठ दिवसांची किरकोळ रजा वेगळी. कायदा ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या दुकानांना, ऑफिसांना लागू आहे. कारखान्यांचा कायदा वेगळा, तिथं आपल्या युनियनला किंवा एचआरला विचारावं. म्हणजे ईदची सुट्टी मागायची वेळ रमजानमध्ये नाही, डिसेंबरमध्ये असते. यादी तयार होत असताना "रमजान ईद आणि बकरी ईद धरा" एवढं बोलायचं. आपली मुलं त्या वेळी गप्प बसतात आणि मार्च-एप्रिलमध्ये हात जोडतात.

अदलाबदलीचाही एक जुना रस्ता आहे. दिवाळीत सहकाऱ्याची शिफ्ट आपण घ्यायची, ईदला त्यानं आपली. हॉस्पिटल, हॉटेल, सिक्युरिटी, कॉल सेंटर अशा कधीच बंद न होणाऱ्या ठिकाणी हे चांगलं चालतं. कारखान्यातल्यांचं गणित मात्र उलटं आहे. त्यांना सलग सुट्टी दिवाळीतच मिळते, ईदला एकच दिवस. त्यामुळं आपल्या कितीतरी घरांत सगळी भावंडं एका दस्तरखानवर दिवाळीच्या सुट्टीतच बसतात. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

तिकीट आणि रस्ता

रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. हे इस्लामी महिन्यांत बसवून पाहिलं तर लक्षात ठेवायला सोपं पडतं. शब-ए-मेराजच्या आसपास, म्हणजे 27 रजबच्या सुमाराला, 28 व्या रोज्याचं तिकीट मिळू लागतं. मुंबईहून देवगिरी, तपोवन, जनशताब्दी, वंदे भारत या गाड्या जालन्याला थांबतात, तिथून पुढं एसटी. तत्काळवर राहायचं असेल तर ते प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी 10 ला आणि बाकीचं 11 ला. जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळसाठी खात्याला आधार जोडलेलं लागतं. ते चांदरातीच्या गडबडीत होत नाही, आधीच करून ठेवा.

पुण्यातून येणाऱ्यांना मुख्यतः एसटी नाहीतर ट्रॅव्हल्स. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, रात्र जाते. मुलींसाठी एसटीच बरी असं आमचं मत आहे. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि गाडी स्टँडवरच थांबते. सणाला ट्रॅव्हल्सवाले दर दुप्पट-तिप्पट करतात. सरकारनं 2018 मध्येच नियम केला आहे की खासगी बसचं भाडं त्याच मार्गावरच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असू नये. जास्त घेतलं तर तिकिटाचा फोटो ठेवून आरटीओकडं तक्रार करता येते. ऐन सणात तेवढा वेळ कोणाकडं असतो, हा भाग वेगळा.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. चांद दिसल्याची खबर रात्री आठच्या सुमारास येते. मग चार मित्र एक गाडी करतात आणि "फजरपर्यंत पोहोचू" म्हणून निघतात. गाडी चालवणारा महिनाभर रोजे धरलेला, तरावीह पढलेला, दिवसभर ड्युटी केलेला. समृद्धी महामार्ग आपल्या दारातून गेला आहे आणि त्याचा फायदा आहेच. पण तो सरळसोट रस्ता रात्री माणसाला झोपवतो. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच तालुक्यात, पिंपळखुट्याजवळ, नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. दोनच दिवसांपूर्वी बकरी ईद झाली होती. ती आग आपल्या भागातल्या लोकांना सांगावी लागत नाही. समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, हेही लक्षात असू द्या. म्हणजे बाइकवर निघालेला मुलगा जुन्या रस्त्यानं, ट्रकच्या गर्दीतून, अंधारात येतो.

आई-वडिलांना आमची विनंती आहे. चांदरातीला "काही करून ये" असं म्हणू नका. आदल्या दिवशी निघता आलं तर यायचं, नाही तर ईदची नमाज तिथंच पढून, झोप काढून, दुपारी निघायचं. बासी ईदलाही शीरखुर्मा लागतोच की. "चाचाची दोन्ही पोरं आली, आपलाच पत्ता नाही" हे वाक्यही फोनवर नको. त्या वाक्यापायी पोरं रात्री गाडी काढतात.

रोज्यात सफर करावा लागला तर शरीयतनं सवलत दिली आहे. सूरह बकराच्या 185 व्या आयतीत मुसाफिराला रोजा नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. हनफी उलेमा सफरचं अंतर सुमारे 77-78 किलोमीटर धरतात, म्हणजे पुणे-दुसरबीड त्यात सहज बसतं. कोणत्या वेळी निघालं तर काय, याचे बारकावे आपल्या इमाम साहेबांना विचारा.

फित्रा आता अब्बांच्या नावावर नाही

घरात असताना अब्बा सगळ्यांचा फित्रा मोजून देतात. हनफी मसलकात बापावर जबाबदारी नाबालिग मुलांच्या फित्र्याची असते. बालिग आणि स्वतः साहिब-ए-निसाब असलेल्या मुलाचा किंवा मुलीचा फित्रा त्यांच्या स्वतःवर येतो. अब्बा तुमच्या संमतीनं तुमच्या वतीनं देऊ शकतात, पण ते ठरलेलं हवं. नाहीतर अब्बांना वाटतं पोरगं कमावतं, त्यानं दिला असेल, आणि पोराला वाटतं दरवर्षीसारखा अब्बांनी दिला असेल. एका माणसामागं साधारण दोन किलोच्या आतबाहेर गहू किंवा त्याची किंमत. तुम्ही राहता तिथला भाव धरायचा, आणि ईदच्या नमाजआधी द्यायचा.

जकातीचंही तेच. निसाब चांदीनं साडेबावन तोळे, म्हणजे 612 ग्रॅमच्या थोडं वर. एक चांद्र वर्ष तेवढी बचत हाती राहिली तर अडीच टक्के. दोन वर्षं नोकरी केलेल्या आणि बँकेत थोडं साठवलेल्या मुलानं चांदीचा भाव पाहून हिशोब करावा. "आपण कुठले श्रीमंत" असं म्हणत बरेच जण हिशोबच करत नाहीत.

याच महिन्यात खिशावर भार येतो तो वेगळा. कमावता झाला म्हणजे भाचे-पुतण्यांना ईदी, अम्मीला जोडा, खालाला काहीतरी. यासाठी मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या अॅपला हात लावू नका. ते व्याज आहे, आणि वसुलीचे फोन ईदनंतर घरच्यांनाही येतात. पन्नास रुपयांची ईदीसुद्धा ईदीच असते.

खोलीवरची सहरी

गावात मशिदीच्या भोंग्यावरून हाक येते, शेजारच्या घरात भांडी वाजतात, उठणं आपोआप होतं. शहरातल्या पीजीमध्ये पहाटे चारला सगळी इमारत झोपलेली असते. मेस बंद. हिटर किंवा इंडक्शन चालतं का हे खोली घेतानाच विचारायचं, बऱ्याच ठिकाणी मनाई असते. तिथं खजूर, केळी, उकडलेली अंडी, दही, भिजवून ठेवलेलं सातूचं पीठ यावर भागतं. रूममेटला आधी सांगून ठेवलं तर तो अलार्मवर चिडत नाही. पुष्कळदा तोच उठवतो. इफ्तारला जवळची मशीद शोधा. मोठ्या शहरांत बऱ्याच मशिदींत मुसाफिरांसाठी इफ्तार असतो आणि तिथंच आपल्या भागातली चार पोरं भेटतात.

एकटी राहणारी मुलगी हे कसं करते, याचा विचार घरच्यांनी जास्त करायला हवा. मशिदीतला इफ्तार तिच्यासाठी बहुधा नसतो. ईदच्या नमाजला स्त्रियांची सोय कुठं असते, कुठं नसते, आधी चौकशी करावी लागते. तिला सुट्टी मिळाली नाही तर तिची ईद खरोखर चार भिंतींत जाते. शहरात कोणी खाला, फुप्पी, ओळखीचं कुटुंब असेल तर अम्मींनी स्वतः फोन करून "पोरगी ईदला तुमच्याकडं येईल" असं सांगावं. मुलीला स्वतः विचारायला संकोच वाटतो. ज्यांची घरं पुण्या-मुंबईत आहेत, त्या वाचकांनी रमजानच्या मध्यावरच गावाकडं विचारावं की कोणाची लेकरं इथं एकटी आहेत का.

बकरी ईदचं सोपं असतं. तारीख दहा दिवस आधी कळते, तिकीट काढायला वेळ मिळतो. कुर्बानी 10, 11 आणि 12 जिलहिज्ज या तीन दिवसांत होते, त्यामुळं पहिल्या दिवशी ड्युटी असली तरी चालतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये सोसायटीशी वाद घालत बसण्यापेक्षा पैसे गावी पाठवून अब्बांना किंवा भाईला वकील करावं. आपल्या नावची कुर्बानी गावात होते आणि गोश्त ओळखीच्या गरजू घरांत जातं. पैसे पाठवताना आपलं नाव आणि "कुर्बानीसाठी" हे स्पष्ट सांगा, घरखर्चात मिसळू देऊ नका.

आणि ईदच्या सकाळी फोन करताना वेळ बघून करा. पुण्यात गोळीबार मैदानाच्या ईदगाहवरची नमाज आणि दुसरबीडची नमाज एकाच वेळी सुटेल असं नाही. अम्मी त्या वेळी शेवया परतत असतात, फोन कपाटावर असतो. दुसऱ्यांदा लावा.