प्लग बदलायचा, पण कोणता?

महाडहून पाचाडकडे निघालेला छोटा टेम्पो चढाला लागला की इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते. मागे सिमेंटच्या गोण्या असोत, रायगडाच्या पायथ्याच्या हॉटेलांचा किराणा असो, नाहीतर ६ जूनच्या राज्याभिषेक सोहळ्यासाठी मंडपाचं सामान असो. सपाटीवर नीट चालणारी गाडी इथे मिसिंग करते, धक्के मारते, तिसऱ्या गिअरवर ओढायची ती दुसऱ्यावरही दमते. मेस्त्री म्हणतो, प्लग बदला. सल्ला बहुधा बरोबरच असतो. गोंधळ होतो तो त्यानंतर, स्पेअर पार्टच्या दुकानात. तिथे ‘प्लग द्या’ एवढंच सांगितलं की समोर चार डब्या येतात, आणि निवड किमतीवर किंवा डबीवरच्या चकचकीत नावावर होते.

चढावरच गाडी का अडते, हे कळलं की निवडीचं निम्मं काम होतं. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन जास्त शिरतं, दाब वाढतो. दाबाखालच्या त्या मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजून टोकं गोल झालेल्या, गॅप वाढलेल्या प्लगला सपाटीवर जे जमतं ते चढावर जमत नाही. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला त्या मिनिटात दीड हजार वेळा ठिणगी द्यावी लागते. त्यातल्या थोड्या जरी चुकल्या तरी ड्रायव्हरला धक्का जाणवतो. न जळलेलं इंधन पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तोही महागडा भाग खराब करतं.

आधी एक खात्री करून घ्यावी. महाड-पोलादपूर भागात दिसणाऱ्या बोलेरोसारख्या बहुतेक मोठ्या पिकअप डिझेलच्या आहेत, आणि डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. तिथे हवा दाबून इतकी तापवली जाते की डिझेल आपोआप पेट घेतं. त्या गाड्यांत असतो तो हीटर प्लग. तो थंड इंजिन सुरू होताना मदत करतो, आणि बिघडला म्हणून चढावर गाडी मिसिंग करत नाही. डिझेल गाडी चढाला दमत असेल तर फिल्टर, नोझल, टर्बो याकडे पाहावं.

स्पार्क प्लगचा प्रश्न आहे तो पेट्रोल आणि सीएनजीच्या छोट्या गाड्यांचा. २००५ मध्ये आलेली टाटा एस, म्हणजे सगळ्यांची ‘छोटा हत्ती’, सुरुवातीला डिझेलचीच होती. पुढे सीएनजी आली, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर छोट्या मालगाड्यांत पेट्रोल-सीएनजीचा वाटा वाढला. पेट्रोलच्या एस गोल्डमध्ये ६९४ सीसीचं दोन सिलिंडरांचं इंजिन, म्हणजे दोन प्लग. २०१९ पर्यंत बनलेल्या आणि अजूनही माल वाहणाऱ्या मारुती ओम्नीत तीन. पेट्रोल किंवा सीएनजीवरच्या सुपर कॅरीत चार. या गाड्यांचं इंजिन सीटखाली असतं, त्यामुळे सीट उचलल्याशिवाय प्लगकडे कुणाचं लक्षच जात नाही.

प्लगवर छापलेल्या अक्षरांत सगळी माहिती असते. एनजीकेचा ‘बीपीआर६ईएस’ हा जुना, सर्वत्र मिळणारा प्लग पाहा. ‘बी’ म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर आणि वर २०.८ मिलिमीटरचा षटकोन, ज्याला एकवीसचा पाना लागतो. ‘पी’ म्हणजे चिनी मातीचं टोक बाहेर आलेलं. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर. ‘६’ हा उष्णतेचा आकडा. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. याच कंपनीच्या ‘बीकेआर’ने सुरू होणाऱ्या प्लगचे आटे तेवढेच, पण त्याला सोळाचा पाना लागतो.

यातली लांबी चुकली तर नुकसान सर्वांत मोठं. आटे जास्त लांब असले तर प्लगचं टोक आत लोंबतं आणि पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतं. आखूड असले तर हेडमधले उरलेले आटे काजळीने भरतात, आणि पुढे योग्य प्लग घालायला गेलं की तो अडकतो. जुन्या पेट्रोल विलीज जीपला जेमतेम साडेनऊ मिलिमीटर आट्यांचा प्लग लागतो, आजच्या बहुतेक गाड्यांना १९ किंवा त्याहून लांब. तोंडाचा व्यास दोन्हींचा १४, म्हणून हाताने फिरवल्यावर दोन्ही बसल्यासारखेच वाटतात.

दुसरा घोळ उष्णतेच्या आकड्याचा. प्लगचं टोक साधारण साडेचारशे अंशांपेक्षा गरम राहिलं तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. पण साडेआठशेच्या वर गेलं तर ठिणगीची वाट न पाहता तापलेलं टोकच मिश्रण पेटवतं आणि पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येते. आत चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णता हेडकडे हळू जाते, तो ‘गरम’ प्लग. आखूड असेल तर ‘थंड’. इथवर सरळ आहे. पण एनजीके आणि डेन्सोचा आकडा वाढला की प्लग थंड होतो, तर बॉश आणि चॅम्पियनचा वाढला की गरम. एनजीकेचा ६, बॉशचा ७, डेन्सोचा २० आणि चॅम्पियनचा ९ हे साधारण एकाच उष्णतेचे.

आपल्याकडच्या जुन्या मेस्त्र्यांचा हात बसला तो ‘मायको’च्या प्लगवर. १९५१ मध्ये स्थापन झालेली, बंगळुरूत कारखाना असलेली ही बॉशचीच भारतीय कंपनी. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. त्या सवयीने ‘सातचा प्लग द्या’ म्हणून एनजीकेचा ७ घेतला, तर तो एक पायरी थंड निघतो. दिवसभर महाडच्या बाजारात दुकानोदुकानी थांबत फिरणाऱ्या गाडीत असा प्लग तापतच नाही, काळा पडतो, आणि आठवडाभरात तीच तक्रार परत येते.

घाटात गाडी तापते म्हणून मुद्दाम थंड प्लग घालावा का? आंबेनळीने महाबळेश्वरला किंवा वरंधा घाटाने भोरला माल नेणाऱ्यांना हा प्रश्न पडतो. उत्तर स्पष्ट आहे: नाही. कंपनीने आकडा ठरवताना भरलेली गाडी आणि चढ धरलेलाच असतो. अपवाद बाहेरून किट बसवून सीएनजीवर केलेल्या गाडीचा. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त जोर लागतो, म्हणून तिथे गॅप थोडी कमी ठेवतात. काही इंजिनांना एक पायरी थंड प्लगही सांगितलेला असतो. त्यासाठी किटच्या कागदांवर जे लिहिलं आहे तेच पाहावं, अंदाज करू नये.

आता किमतीचं. साध्या निकेलच्या प्लगपेक्षा इरिडियमचा प्लग कित्येक पट महाग. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४४६ अंशांना. म्हणून त्याचं टोक सुईसारखं बारीक करता येतं, त्यातून कमी व्होल्टेजला ठिणगी उडते आणि ते झिजतंही हळू. साधा प्लग वीस-तीस हजार किलोमीटर टिकतो, इरिडियमचा एक लाखाच्या आसपास जाऊ शकतो. पण तो इंजिनाची ताकद वाढवत नाही, तेल खाणारं इंजिन तर मुळीच सुधारत नाही. कंपनीने निकेलचा सांगितला असेल तर निकेलचाच, अस्सल कंपनीचा आणि ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेला प्लग जुन्या पिकअपसाठी पुरेसा. इरिडियमचा सांगितला असेल तर मात्र पैसे वाचवायला निकेलचा घालू नये. ‘आर’चंही तेच. मूळ प्लगला रेझिस्टर असेल तर नव्यालाही हवाच, नाहीतर ठिणगीचा विद्युत गोंगाट गाडीच्या ईसीएमपर्यंत, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतो.

नवे प्लग घेण्याआधी जुने वाचावेत. काढताना क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले आणि बाजूला सिलिंडरचा नंबर लिहिला की पुष्कळ कळतं. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग म्हणजे सगळं ठीक. सीएनजीवर तो आणखी पांढुरका दिसतो. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त, एअर फिल्टर चोंदलेला किंवा प्लग थंड. पांढरंफेक, फोड आलेलं टोक म्हणजे इंजिन जास्त तापलंय. तीनपैकी एकच प्लग काळा आणि तेलकट निघाला तर दोष प्लगचा नसून त्या सिलिंडरच्या रिंगचा किंवा व्हॉल्व्ह सीलचा. तारेच्या ब्रशने घासून असा प्लग परत घालणं चुकीचं: ब्रशचा धातू चिनी मातीवर उरतो आणि वीज टोकाकडे न जाता तिथूनच पळते.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जुन्या गाडीची मिसिंग जुलैत पुष्कळदा प्लगमुळे नसते, तर चिरा पडलेल्या प्लग केबलमुळे किंवा कॉइलच्या रबरी टोपीमुळे असते. रात्री सीट उचलून, दिवे बंद ठेवून इंजिन चालू केलं तर गळणाऱ्या केबलभोवती निळसर ठिणग्या दिसतात. हात मात्र लांब ठेवावा.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी नद्यांच्या पुरात महाड बुडालं. अशा पुरातून निघालेल्या पेट्रोल गाडीला स्टार्टर मारणं सर्वांत घातक. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. आधी बॅटरीची तार सोडवावी आणि सगळे प्लग काढावेत. मेस्त्री मग हाताने इंजिन फिरवून पाणी बाहेर काढतो, तेल आणि फिल्टर बदलतो, आणि त्यानंतरच नवे प्लग बसतात.

बसवण्याची रीत सोपी आहे, पण घाई चालत नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लगच्या खड्ड्यात साचलेली लाल माती आधी पंक्चरवाल्याच्या हवेने उडवावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. फीलर गेजने गॅप पाहावी. नवा प्लग पाना न लावता बोटांनी पूर्ण फिरवावा. वाकडा जात असेल तर तिथेच थांबावं, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे मेले की खर्च प्लगच्या कितीतरी पट. बोटांनी टेकल्यावर, सपाट वॉशरचा नवा प्लग असेल तर, पान्याने अर्धा फेरा पुरतो.

पुढच्या वेळी दुकानात जाताना जुना प्लग खिशात न्या, त्यावरचा पूर्ण नंबर गाडीच्या पुस्तिकेशी ताडून बघा, आणि बसवल्यावर तो नंबर व मीटरवरचे किलोमीटर सीटखाली एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. गाडी विकली तर पुढच्या मालकालाही ती चिठ्ठी उपयोगी पडेल.